एकही ऑप्शन न देता

दि. ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. आईचा गुडघा आता जिने चढू देतो. व्यायाम शिकवायला जो माणूस येतो त्याच्याशी ती रोज भांडते, आणि तो गेला की मला विचारते, "उद्या येईल ना रे?"

दोन वर्षांनी लिहितोय. फोन तू उचलशील की नाही याची खात्री नव्हती. कागद निदान फोडून तरी बघावा लागतो.

पण ताई, काय झालंय माहितेय? खुर्चीत बसवत नाहीये मला! जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहात बसून लिहितोय आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरलीय.

आमच्याकडे तपासणीला एक नवीन बाई आल्यात. वय पंचावन्न. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग नोकरी सोडून प्रोग्रामिंग शिकल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, साहेबसुद्धा. (साहेब तेच. आता चष्मा डोक्यावर ठेवून खोलीभर चष्मा शोधतात.) तर मागच्या मंगळवारी बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात हॉस्पिटलने दिलेला डोसचा छापील कागद. म्हणाल्या, "साडेसात किलोच्या बाळाला आठ किलोच्या बाळाचा वेग कसा काय रे?"

मी लगेच फाइल उघडली.

आपल्या सलाईन पंपाच्या प्रोग्राममध्ये लहान मुलांचा तक्ता आहे ना, वरच्या रांगेत वजनं आणि खालच्या रांगेत वेग, त्यात हॉस्पिटलने साडेसात किलो वाढवून मागितलं होतं. वजन मी घातलं. त्याचा वेग टाकायला विसरलो. पुढचे सगळे वेग एकेक घर अलीकडे सरकले आणि प्रोग्राम हूं की चूं न करता चालला. घाबरू नकोस, नवा पंप अजून चाचणीच्या टेबलावरच होता, नळी बादलीत सोडलेली. एकाही बाळापर्यंत काही गेलेलं नाही.

बाईंनी स्क्रीनवर तक्ता बघितला. एका ओळीत मावतील तेवढे आकडे कोंबलेले. कुठल्या वजनाखाली कुठला वेग, काही पत्ता नाही.

"हे असं कुणी लिहिलं?"

"लिहिलं नाही कुणी. फॉर्मॅटरने केलंय. तो सगळा कोड एका वळणाचा करून देतो, मोकळ्या जागा काढून टाकतो."

"मग त्याला सांगायचं ना, एवढ्याला हात लावू नको म्हणून."

"तसं सांगता येत नाही हो बाई त्याला."

"तू विचारलंस?"

ताई, कॉलेजपासून धरून मी चार वर्षं हा फॉर्मॅटर वापरतोय. रोज. नाव टाइप करायचं, पुढे फाइलींची नावं, एंटर. एकही ऑप्शन कधी दिला नाही! बाईंनी माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला, फॉर्मॅटरचं नाव लिहिलं, पुढे दोन आडव्या रेघा मारल्या आणि 'हेल्प' लिहून एंटर दाबलं. दोन स्क्रीन भरून यादी आली. बाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या, वर्गाकडून पाढे म्हणून घ्यावेत तशा.

आणि काय काय होतं त्यात! एक ऑप्शन दिला की फॉर्मॅटर कशालाच हात लावत नाही, फक्त कुठे कुठे बदल करावा लागेल ते सांगतो. दुसरा दिला की इथल्या ओळीपासून तिथल्या ओळीपर्यंतच काम करतो, बाकीचं जसंच्या तसं. तिसरा आपण लिहून ठेवलेल्या नियमांची फाइल वाचायला लावतो, त्याच्या मनाचे नियम बाजूला ठेवून. आणि सगळ्यात भारी म्हणजे कोडमध्येच एक ओळ लिहायची, 'इथून बंद', आणि खाली 'इथून चालू'. मधलं तो बघतसुद्धा नाही! मी ओरडलोच. पलीकडच्या खोलीतून साहेब काय झालं म्हणून धावत आले.

मग कोडमध्ये झालेल्या बदलांच्या जुन्या नोंदींमधून तक्त्याचं पहिलं रूप शोधून काढलं. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह, वजनाखाली वेग. साडेसातची जागा बाईंनी तीन सेकंदांत दाखवली. वर-खाली 'बंद' आणि 'चालू' लिहिलं, आधी नुसती तपासणी चालवली, मग फक्त मी बदललेल्या ओळींवर फॉर्मॅटर चालवला. तक्ता केसभरही हलला नाही. नवा पंप काल पहिल्या झटक्यात सगळ्या चाचण्या पास झाला. बाईंनी मला दहापैकी सहा गुण दिले.

तुला सांगितल्याशिवाय राहवेना, एवढंच. तू इथून गेलीस त्या वर्षी मी एकदा सगळ्या फाइलींवर फॉर्मॅटर फिरवला होता, तेव्हा तो तक्ता बिघडला असणार. घाईत झालं ते सगळं. असो.

आई तुला फोन कर म्हणते. मी सांगितलं असं सांगू नको असंही म्हणते.

तुझा,
छोट्या

*

दि. १९ मार्च

छोट्या,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मी इथे लिफ्टच्या कंपनीत आहे हे आईने सांगितलं असेलच. लिफ्टने कुठल्या मजल्याची हाक आधी ऐकायची ते ठरवणारा भाग माझ्याकडे आहे. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. चहा वाईट आहे.

तक्ता परत आला याचा खरंच आनंद झाला. मी तो बालविभागातल्या नर्सशेजारी बसून जुळवला होता. ती कागद धरून वाचायची आणि मी रकाने सरकवायचे. तिला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तक्ता वाचता आला पाहिजे असा माझा हट्ट होता. तक्त्याच्या वर तसं लिहूनही ठेवलं होतं. 'आकडे हाताने जुळवले आहेत, हलवू नयेत.' तुझ्या नजरेस पडलं नसेल.

तुझ्या बाईंना सांग, नियमांची फाइल प्रोग्रामसोबतच ठेवा, म्हणजे कुणाच्याही मशीनवर तेच नियम लागू होतील. आणि ती नुसत्या तपासणीची कमांड रोज आपोआप चालेल अशी लावून ठेवा.

तू पत्रात 'आपला प्रोग्राम' लिहिलं आहेस.

एकच विचारते, आणि उत्तर द्यायचं नसेल तर पुन्हा पत्र लिहू नकोस. मला काढलं त्याच्या आधीच्या शुक्रवारी साहेबांनी यादी काढली होती, कुणाच्या नावावर किती ओळी आहेत त्याची. मला ती नंतर दाखवली. पाच वर्षं मी एकटीने लिहिलेल्या प्रोग्रामात माझ्या नावावर तीनशे ओळी होत्या. साहेबांनी यादी उघडली तेव्हा तू त्या खोलीत होतास का?

आईला म्हणावं रविवारी फोन करते.

ताई

*

दि. २ एप्रिल

प्रिय ताई,

होतो.

बारा दिवसांत चार पत्रं लिहून फाडली, म्हणून हे आधीच लिहून टाकलं. आता हात थोडा मोकळा झाला.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी मी सगळ्या फाइलींवर फॉर्मॅटर चालवला तेव्हा मनात काहीच नव्हतं. नवा होतो, काहीतरी नीटनेटकं करून दाखवायचं होतं. तुला विचारलंही नाही, तू हॉस्पिटलमध्ये होतीस. शेवटचा हात ज्याचा, ओळ त्याच्या नावावर जाते; म्हणून ज्या ओळीत एक मोकळी जागा जरी हलली, ती ओळ माझ्या नावावर चढली. शुक्रवारी साहेबांनी यादी उघडली. एकेचाळीस हजार ओळी माझ्या, तीनशे तुझ्या. दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण काहीतरी ठरतंय एवढं कळत होतं. साहेब म्हणाले, "तुझी ताई मग करते तरी काय?"

फॉर्मॅटरचं नाव घेतलं असतं तर सगळं एका वाक्यात मिटलं असतं. मी म्हणालो, "ताई हल्ली जास्त करून बैठकाच बघते."

हे वाक्य मी तुझं पत्र येईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तिला काल सांगितलं. तिने जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि आत जाऊन बसली.

आता पुढचं ऐक ताई, कारण पुढचं सांगायला मी कधीचा तडफडतोय!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "ती यादी काढणाऱ्या कमांडला ऑप्शन नाहीत का?" आम्ही पुन्हा 'हेल्प' उघडलं. आणि होता की तिथे! एखादा ठरावीक बदल मोजूच नको, त्याच्या आधी ती ओळ कुणाची होती ते दाखव, असं सांगणारा ऑप्शन. मी त्या मंगळवारचा बदल शोधला, त्याचा नंबर त्या ऑप्शनपुढे लिहिला. घाईघाईत तो दोनदा चुकला. शेवटी बाईंनी अंक वाचून दाखवले, मी एकेक दाबला.

एंटर.

ताई, माझं नाव गळत गेलं आणि तुझं येत गेलं. स्क्रीन खाली सरकवतोय आणि तुझं नाव, तुझं नाव, तुझं नाव! पाच वर्षांपूर्वीच्या तारखा. एक तर तुझ्या वाढदिवसाची होती, त्या दिवशी तू ऑफिसातून उशिरा आलीस म्हणून आई रुसली होती, आठवतं? वेगाचं गणित तुझं. हवेचा बुडबुडा ओळखणारा भाग तुझा. मी नाचायला लागलो आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही एकदमच. बाई म्हणाल्या, "आता छापून घे. स्क्रीनवर दाखवलं की साहेब चष्मा शोधत बसतील."

सोमवारच्या बैठकीत दोन्ही याद्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवल्या. फॉर्मॅटरचं सांगितलं. मग ते वाक्यही सांगितलं, शब्द न बदलता. साहेबांनी दोन्ही कागद आलटून पालटून बघितले. शेवटी म्हणाले, "तू बोलला नाहीस ते एक झालं. पण मी ओळी मोजून माणूस ठरवला, ते माझं." आणि तिथूनच त्यांनी तुला फोन लावला.

पलीकडून तुला फक्त साहेबांचा आणि बाईंचा आवाज ऐकू आला असेल. खोलीत काय चाललं होतं ते मी सांगतो. फोन टेबलाच्या मधोमध होता आणि आम्ही नऊ जण त्याच्याभोवती वाकलो होतो. साहेबांनी आधी माफी मागितली. मग त्यांनी विचारलं, लहान मुलांच्या नव्या पंपाची प्रमुख म्हणून येशील का. तू म्हणालीस, "विचार करून कळवते. पण तक्ता साडेसातनंतर शेवटपर्यंत तपासलात का? सरकलेले आकडे एका ठिकाणी सापडत नाहीत." साहेबांनी बाईंकडे बघितलं, बाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "शेवटपर्यंत, दोनदा. दहापैकी दहा." तू हसलीस. ताई, तू हसलीस ते सगळ्यांनी ऐकलं! दोन वर्षांनी ऐकलं मी तुझं हसणं, आणि तू माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, ते बरोबरच केलंस.

तुझ्यानंतर मला मिळालेलं प्रमुखपद मी त्याच दुपारी सोडलं. साहेबांनी थांबवलं नाही. प्रोग्रामच्या पहिल्या पानावर तुझं नाव घातलंय, आणि मंगळवारच्या त्या बदलाचा नंबर एका फाइलीत कायमचा लिहून ठेवलाय, म्हणजे यादी कुणीही, कधीही काढली तरी तुझ्या ओळी तुझ्याच दिसतील. तुझ्या अनुभवपत्रात 'सहायक' लिहिलं होतं, ते साहेब बदलून पाठवतायत. आठवड्याभरात मिळेल.

तू आलीस तर मी तुझ्या हाताखाली शिकेन. मी नको असेन तर मला छपाई यंत्रांच्या विभागात जागा मिळते आहे, तसं विचारून ठेवलंय. नाही आलीस तर लिफ्टवाल्यांचं नशीब. यातलं काहीही कर, माझ्याकडे बघून ठरवू नकोस.

तुझी दोन वर्षं मला परत देता येत नाहीत. तेवढ्यासाठी कुठेच काही लिहिलेलं सापडलं नाही, आणि मी खरंच शोधलं ग.

माझं चुकलं, ताई. माहीत असून चुकलं.

तुझा धाकटा भाऊ