काकूंच्या कानाचं मशीन

गुरुवार, १२ फेब्रुवारी. नाशिक रोड.

आज फारच वाईट वागले. ऑफिसातून सईला घ्यायला खाली लताकाकूंकडे गेले. दिवसभर त्याच तिला सांभाळतात. बेल वाजवली, दारावर थापा मारल्या, फोन केला, दार कुणी उघडेना. शेवटी सईनेच त्यांना ओढत दाराशी आणलं. जिन्यात शेजारणी उभ्या होत्या, तरी मी बोललेच, "ऐकूच येत नसेल तर पोरं सांभाळता कशाला?" काकू नुसत्या हसल्या आणि सईची बॅग दिली. ऐकू आलं नसेल बहुतेक. की आलं?

जेवताना सई म्हणाली, "मी काकूंच्या कानाच्या मशीनला अंघोळ घातली. काकू म्हणाल्या, आईला सांगू नको, ओरडेल."

कधी? तर परवा.

निखिल लगेच म्हणाला, "पोरीच्या हाती लागलंच कसं? आपण का भरून द्यायचं?" लाज याची वाटते, की माझ्याही मनात आधी तेच आलं. वर, जुनंच तर होतं, असंही. नवऱ्याला काय बोलू?

मशीन मीच घेऊन देणार, हे त्याला सांगून टाकलं. पण जिन्यातलं ते वाक्य? आणि काकूंचं ते हसणं?

उद्या माफी मागायची. दार लोटून, हळूच मागून मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण हळू बोललेलं काकूंना आता कुठे ऐकू येणार? ओरडूनच मागावी लागेल. आणि शेजारणींची दारं तर उघडीच असतात.