वॉरंटशिवाय आत यायचं नाही

गुरुवार, ५ मार्च. सकाळी ७.१०
काल खालच्या मजल्यावर मोबाइल रिपेअरवाल्याकडे पोलीस आले होते. चोरीचे फोन शोधायला. हातात कागद नाही, काही नाही. जरा आत बघू का म्हणाले, आणि हा बघा की म्हणून बाजूला झाला! गाद्यासुद्धा उलटल्या. मिळालं काहीच नाही.
माझ्या दारात हे चालणार नाही. संकल्प: रोज एक तास कायदा.

शुक्रवार, ६ मार्च. संध्याकाळी
पुस्तक आणलं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना (म्हणजे दिवसभर) दोन प्रकरणं वाचली. वॉरंटशिवाय पोलीस घरात शिरू शकतात ते मोजक्याच वेळी. मालक हो म्हणाला तर. पळणाऱ्याच्या मागावर असतील तर. पुरावा नष्ट होत असेल तर. आत कुणाच्या जिवाला धोका वाटला तर. हे शेवटचं आपल्याला गैरलागू. घरात माणसं दोन, दोन्ही धडधाकट.
हिला समजवायला गेलो. ही नर्स, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. झोपू द्या म्हणाली. सामान्य जनतेची कायद्याबद्दलची अनास्था!

शनिवार, ७ मार्च. दुपारी
मुक्काम हॉलमध्ये हलवला. खाट दाराशी. किती दिवस, असं हिने विचारलं. अनिश्चित काळ, म्हटलं. ही आणखी काही सांगायला लागली, पण माझा पाठलागाचा मुद्दा निसटत होता. हात वर करून थांबवलं. थांबली. समजूतदार बाई आहे.

रविवार, ८ मार्च
घरात कमालीची शांतता. तिसरं प्रकरण एका बैठकीत. ही बहुतेक डबल ड्यूटीला.

सोमवार, ९ मार्च
चहा स्वतः केला. डबा नाही. शिफ्ट बदलली असावी. मोठ्या कामात घरच्यांची साथ मिळतेच असं नाही.
नुसतं वाचून भागायचं नाही. आवाजात जरब हवी. उद्यापासून तालीम.

मंगळवार, १० मार्च. सकाळी ८.००
ओट्यावर साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी. ताईकडे जातेय, एवढंच. आज सकाळीच गेली असणार. संध्याकाळी येईल. तालमीला घर मोकळं मिळालं, उत्तम.

संध्याकाळी ६.३०
तालीम रंगात. दोन्ही पार्ट मीच. दाराला धक्के मारले, हात लावायचं काम नाही म्हणून ओरडलो, मेलो मेलो म्हणून किंचाळलो. खुर्ची पडली, टीपॉयची काच फुटली. परिणाम जबरदस्त. बेल वाजतेय. कौतुक करायला आले असतील.

रात्री ८.१५
पोलीस होते. खरे. एक हवालदार, एक लेडी कॉन्स्टेबल. शेजारच्या काकूंनी कळवलं म्हणे: बाई तीन दिवस दिसली नाही आणि आत मारामारी चालू आहे. हवालदार म्हणाले, आत बघावं लागेल. मला वॉरंट हा शब्दच आठवेना. या ना, बूट असू द्या, असं म्हणालो. कपाट मीच दाखवलं. किल्ली उलटी घालत होतो, शेवटी कॉन्स्टेबलबाईंनी फिरवली. मग बाथरूम. मग माळा. हवालदारांनी पलंगाखाली टॉर्च मारला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते कुणाला शोधताहेत. साखरेच्या डब्याखालची चिठ्ठी आणून दाखवली.
बायको कधी गेली, त्यांनी विचारलं. आज सकाळी, म्हटलं. त्यांनी तिला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, मी सुखरूप आहे. बहिणीकडे. शनिवार संध्याकाळपासून.
हवालदारांनी वहीतलं ‘आज सकाळी’ खोडलं. माझ्याकडे बघितलं नाही.
यांना काही लागलंय का, तिने विचारलं. कॉन्स्टेबलबाई म्हणाल्या, पायात काच गेलीय. मी खाली बघितलं. खरंच गेली होती.

बुधवार, ११ मार्च. सकाळी ९.००
त्यांचं आत येणं कायद्याला धरूनच होतं. माझी तक्रार नाही.
ताईकडे फोन केला. वाद घालायचा नाही असं ठरवून. ही म्हणाली, युनिफॉर्म न्यायचे आहेत, तुम्ही दुकानात किती वाजता जाता? दहाला, म्हटलं. बरं, म्हणाली. पाय धुऊन नीट पट्टी बांधा, म्हणाली आणि फोन ठेवला.

१०.२०
अजून घरीच आहे. जिन्यात पावलं वाजली म्हणून दोनदा उठलो. दोन्ही वेळा वरच्या मजल्यावरची माणसं.