‘होय, दररोज’

३ फेब्रु., मंगळ.
रूथचा दृढीकरणाचा फॉर्म भरला. पंधराला बिशपसाहेब चर्चमध्ये येणार, त्यांच्यासमोर पोरं उभी राहून आपला विश्वास कबूल करणार; पाळकसाहेबांना कागद आजच हवे होते. प्रश्न सहावा : घरी कौटुंबिक प्रार्थना होते का? पेन अडलंच नाही. ‘होय, दररोज.’ खाली बाप म्हणून सही. मंडळीच्या कमिटीतला पंच म्हणून साक्षीदाराची सहीही माझीच.

५ फेब्रु., गुरु.
फोटो राहिला म्हणून फॉर्म घरी परत आला, तो लेकीच्या हाती लागला. ओझरहून कामावरून आलो तर बूटही काढू दिले नाहीत.
“पप्पा, दररोज? शेवटची कधी झाली ते सांगा.”
आठवेना. अधूनमधून येणाऱ्या सेकंड शिफ्टचं कारण पुढे केलं. मग म्हटलं, मम्मी करते ना.
“मम्मी एकटी करते. ओट्यापाशी.”
सुनीता पोळ्या लाटत होती. वळली नाही. बाजू घेईल असं वाटलं होतं.

६ फेब्रु.
रूथ म्हणते, उभी राहणार नाही. “सगळ्यांसमोर ‘मी विश्वास ठेवते’ म्हणायचं, आणि फॉर्मच खोटा. ठेवते की नाही ते मलाच माहीत नाही. तुम्ही कधी विचारलंत?” सतरा वर्षांची पोर. बापाशी असं बोलतात का वगैरे ओरडलो. विचारायचं राहूनच गेलं, ती कॉलेजला निघून गेली.

८ फेब्रु., रवि.
उपासनेनंतर फोटो लावून फॉर्म तसाच परत दिला. पाळकसाहेब : “सलाम, गायकवाडसाहेब. पंधराला वडिलांच्या जबाबदारीवर पाच मिनिटं तुम्हीच बोला. तुमच्यासारखं घर नाही आपल्यात.” हो म्हणालो! जीभ कशी झडली नाही.
मागच्या वर्षी सिन्नर फाट्याजवळच्या एकाने घरभेटीत खरं सांगितलं होतं, “नाही जमत हो प्रार्थना.” त्याला मीच चार शब्द सुनावले होते. त्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसलं.

१० फेब्रु., मंगळ.
साडेसातला टीव्ही बंद. बायबल काढलं, हाक मारली. दोघी येऊन बसल्या. मंडळीत दहा-दहा मिनिटं धडाधड प्रार्थना करतो. इथे तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. फार लाज वाटली. शेवटी सु.नेच पुरी केली. रूथच्या परीक्षेसाठी मागितलं, माझ्या गुडघ्यासाठी मागितलं. रोज मागते म्हणे. मला पत्ताच नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
पाळकसाहेबांना सगळं खरं सांगितलं. ते हसले. “सगळेच ‘होय’ लिहितात हो. मुलीला समजवा.” फॉर्म बदलून मागितला, तर म्हणे यादी बिशपसाहेबांकडे गेली. आता कुणाकडे जायचं?

१४ फेब्रु., शनि.
सु.ने पांढरा ड्रेस इस्त्री करून रूथच्या दाराला टांगला. संध्याकाळी धीर करून विचारलं, “बेटा, विश्वास ठेवतेस का तू?”
“माहीत नाही. तुम्ही ठेवता?”
‘हो’ ओठांवर आलंच होतं, फॉर्मवर आलं तसंच, झटकन. गिळलं. ती वाट पाहत उभी होती.

१५, रवि. सकाळी
उपासना नऊला. ड्रेस दारालाच आहे. रूथ उठलीय, बाथरूममध्ये बादली भरल्याचा आवाज येतोय. घालायला नेईल की... भाषणाचा कागद कोरा.
कालच्या प्रश्नाचं उत्तर तिला अजून दिलेलं नाही.