गप्प पाणी

दि. ४ एप्रिल, सकाळ

माझ्या लाडक्या बेडकीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जीवरक्षकाच्या परीक्षेत पहिली आलीस! शेजारच्या शिंपीणबाईला वाचून दाखवलं, मग तिच्या गिऱ्हाइकाला, मग दूधवाल्याला. तो म्हणतो, "आजी, कालच ऐकलं की." म्हटलं, आज परत ऐक, दूध काही नासत नाही. चौथीपर्यंत शिकले त्याचं आज सोनं झालं. आजोबांनी दोनदा चष्मा पुसला. आमचं बोलणं कामापुरतंच, तुला ठाऊक आहे.

गुडघा बरा आहे. फोटोतली तुझी शिट्टी आवडली. लाल निशाण असलं की पाण्यात पाय घालायचा नाही, एकट्यानं जायचं नाही, सगळं पटलं. एका ओळीपाशी मात्र अडले. लाटा फुटतात त्यांच्या मधेच एखादा पट्टा गप्प दिसतो, तिथं उतरू नये, तिथूनच पाणी आत ओढतं, असं लिहितेस. ओढलंच तर झगडायचं नाही, किनाऱ्याच्या कडेनं आडवं पोहत सुटायचं.

हे खरं का गं? गुरुजींना नीट विचारलंस ना?

तुझा मोठा काका अकरा वर्षांचा होता. लाटांना भ्यायचा. मीच बोट दाखवलं, "तिथं बघ पाणी कसं शहाण्यासारखं आहे, तिथं खेळ." आजोबांना लक्ष ठेवायला सांगून डबा उघडायला वळले. त्यांचा डोळा लागला. मी पाहिलं तेव्हा तो किनाऱ्याकडेच हात मारत होता आणि मागे मागे जात होता. मी ओरडत होते, "सरळ ये रे, सरळ ये!"

एकेचाळीस वर्षं मी त्यांना ऐकवत आले, "मी पोराला शांत पाण्यात पाठवलं होतं, तुम्ही झोपलात."

तुझे आजोबा नावाड्याचा मुलगा. त्यांना काय हे पाणी कळत नव्हतं? पहिल्या दिवसापासून कळलं असणार. एकदाही उलटून बोलले नाहीत बघ.

आता पुढच्या खोलीत पेपर वाचतायत. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवते, मग पेटीत टाकते.

तिथं एखादी आई पोराला गप्प पाणी दाखवेल. पोराला आधी बाहेर काढ. तिला मात्र ओरडू नकोस, जवळ बसवून सांग.

तुझी आजी,
त्याची आई