कर त्याचा माफ, भाडं माझं

आप्पा, परवा रविवारी तुमची धाकटी लेक पेढे घेऊन माझ्याकडं आली होती. मला वाटलं नातवंडाची काहीतरी बातमी असेल. "कशाचे गं?" म्हटलं, तर म्हणते कशी, "आक्का, यंदा मला एक रुपयाही इन्कम टॅक्स नाही. बारा लाखांपर्यंत सूट झाली ना नव्या नियमात. पेन्शन, ठेवींचं व्याज, सगळं धरलं तरी शून्य." मी पेढा घेतला. कडू लागला असं लिहिणार होते, पण चांगला होता. दोन खाल्ले.

तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी हे तुम्हालाच लिहायला बसले, कारण ही आग तुम्हीच लावलेली. मी तिसरी पास झाले होते आणि ती पहिलीत होती. निपाणीतली ती तंबाखूची वखार अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. तुम्ही मुकादमाला सांगताय, "हिचे हात चालत्यात, हिला पानातली काडी काढायला बसवा." आणि घरी येऊन आईला सांगताय, "धाकटीचं डोकं चालतंय, तिला शिकवू." एकीचे हात, एकीचं डोकं. दोघी मिळून तुम्हाला एकच माणूस करायचा होता जणू. दिवसभर शिंकून शिंकून माझं नाक सोललेलं असायचं, आणि शनिवारचा पगार मुकादम तुमच्या हातात द्यायचा. त्यातनं तिची वह्या-पुस्तकं यायची. एकदा तिचं पेन घेऊन मी माझं नाव लिहून बघत होते, तर तुम्ही म्हणालात, "शाई वाया घालवू नगं." तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले.

मग ती शिक्षिका झाली, टिळकवाडीत बंगला झाला, नवराही पगारदार मिळाला. त्याचं मला एवढं काही नव्हतं. मला जाळायचा तो तिचा टॅक्स. दर फेब्रुवारीत यायची, पंख्याखाली बसायची आणि सुरू व्हायची, "या महिन्याचा पगार हातात आलाच नाही बघ आक्का, सगळा करात कापला." ती रडगाणं गात असायची आणि मी भाकरी थापत ऐकत असायचे, मनात म्हणायचे, रड, आणखी रड. सरकारला तुझं नाव माहीत आहे, तुझी कमाई माहीत आहे, तुझ्याकडून मागायला त्यांना हात पसरावा लागतो. मी दहाव्या वर्षापासून राबते, माझ्याकडून सरकारनं कधी फुटकी कवडी मागितली नाही. माझी कमाई कमाईत धरलीच नाही कुणी. लोक टॅक्स चुकवायला धडपडतात, मला तो लागत नाही म्हणून झोंबायचं. हसू नका.

सात-आठ वर्षांमागं माझा दिवस आला. माझा लेक इथं बेळगावात फौंड्रीत इंजिनिअर आहे, राहतो माझ्याच घरात. येळ्ळूरच्या वाटेवरची ही जागा तुमच्या थोरल्या जावयानं माझ्या नावावर घेतली होती, जन्मात केलेला तेवढाच शहाणपणा. लेकाच्या ऑडिटरनं त्याला सांगितलं, आईला घरभाडं देतो असं दाखवा, पगारातला तेवढा भाग करातनं सुटतो. पण भाडं बँकेतनं गेलं पाहिजे, पावतीवर महसुली तिकीट लावून आईची सही पाहिजे, आणि आईचं पॅन कार्ड पाहिजे. आप्पा, माझं पॅन कार्ड निघालं! फोटोसकट. महिन्याला नऊ हजार माझ्या खात्यावर पडायला लागले. पहिल्या महिन्यात लेक हळूच माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, ते पैसे काढून आणलीस का?"

"कसले?"

"अगं, भाड्याचे. ते नुसतं कागदावर दाखवायचं असतंय. सगळीच तसं करत्यात."

"मी सही केली ती बी कागदावरच केली. पैसे मिळाले म्हणून केली. खोटी सही करायला मी काय शिकलेली हाय?"

 तेव्हापासून नऊ हजार माझे. घरपट्टी मी भरायची. पावती कन्नडमध्ये, त्यातलं माझं नाव तेवढं मी ओळखते. गुडघ्याचं औषध माझं मी आणायचे. एकदा आवडली म्हणून साडी घेतली आणि किंमत कुणाला सांगितली नाही. पॅन कार्ड तुमच्या धाकटीला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, "फोटो छान आलाय गं आक्का." तिनं जळावं अशी माझी इच्छा होती, आणि ही खुशाल कौतुक करते!

आणि यंदा एप्रिलात जेवता जेवता लेक म्हणतो, "आई, ह्या महिन्यापासनं भाडं बंद. मी कराच्या नव्या पद्धतीत गेलोय. कर शून्य बसतोय, भाडं दाखवून काय उपयोग न्हाय."

"मग दाखवू नगं. दे नुसतं."

"अगं, ते करासाठी हुतं."

"सरकारनं तुझा कर माफ केला. मी भाडं माफ केलेलं न्हाय."

तो हसला. "तुला हितं काय कमी हाय का?"

कमी काहीच नाही, तेच तर. चष्म्याची काडी मोडली, सांगितलं, त्यानं लगेच पैसे काढून दिले. किती लागतील ते विचारून वर पन्नास जास्त दिले. लगेच देतो म्हणूनच जास्त मनाला लागतं. तीन महिने मी टोमणे मारले, तीन महिने तो हसला. म्हातारीचं काय मनावर घ्यायचं.

तर परवा पेढे खाताना धाकटी विचारते, "आक्का, तुझं रिटर्न भरलंस का गं?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मागच्या वर्षाचं भरलं. फुडल्या वर्षी काय भरू, भाडंच बंद केलंय त्यानं." सांगायचं नव्हतं मला. तिनं लेकाला हाक मारली, समोर बसवलं, वर्गात बसवावं तसं.

"मावशी, घरातल्या घरात कसलं भाडं?"

"सात वर्षं घरातल्या घरातच होतं की. तेव्हा कसं चालत होतं? बरं, मागच्या वर्षी भाडं दाखवून, विमा दाखवून कर किती भरलास?"

"ऐंशी हजार."

"आणि यंदा?"

"काय न्हाय."

"म्हणजे सरकारकडून ऐंशी हजार सुटले. शिवाय आईचे एक लाख आठ हजार राखलेस. सवलत दिली सरकारनं, आणि कापलंस कुणाचं? घर कुणाच्या नावावर आहे?"

सून आत भांडी घासत होती, तिला हसू आवरेना. लेक खाली बघत म्हणाला, "चुकलं मावशी. देतो."

आप्पा, मी तीन महिने हेच बोलत होते. अगदी हेच. मी बोलले तेव्हा ती कटकट होती, ती बोलली तेव्हा हिशेब झाला. माझ्या घराचं भाडं, माझ्या पोटचा पोरगा, आणि मागायला तोंड तिचंच लागलं. तिचे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "चहा निवला तुझा."

एक तारखेला नऊ हजार आले. मी लगेच बँकेत जाऊन पासबुकात छापून आणले. संध्याकाळी तिचा फोन आला, "आक्का, आलं का गं भाडं?"

"न्हाय अजून," मी म्हटलं.

"थांब, मी बघते त्याच्याकडं."

"तू नगं पडूस मधी. माझं मी बघती."

आठ दिवसांनी तिला सांगणार आहे, मीच त्याला चांगला झाडला, तेव्हा कुठं दिलं. खरं काय ते फक्त इथं लिहिलंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तुम्ही असता तरी टाकलं नसतं. तुम्हाला कुठं वाचता येत होतं? घरात आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही तिच्याकडूनच वाचून घ्यायचा.