फाटकाशी घेतलेला चौरंग

वैशाली, गाझियाबाद
गणेशचतुर्थी, १९९५

हेरंबदादा,

‘प्रिय’ लिहायला आज हात धजत नाही. हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

रजेवर आलास तेव्हा या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला परदेशातल्या शांतिसेनेतली एक गोष्ट तू सगळ्यांना हसत सांगितलीस. गावावर हल्ला होणार म्हणून एक कुटुंब तुमच्या छावणीच्या फाटकाशी आलं, आत घ्या म्हणून हात जोडू लागलं. ‘वरून ऑर्डर नव्हती यार,’ तू म्हणालास. मग त्या बाईच्या डोक्यावरचं कोरीव लाकडी स्टूल तेवढं तू विकत घेतलंस. ‘तसंही टाकूनच गेली असती.’ आणि ‘क्या पीस है!’ म्हणत सगळ्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. मला शिसारी आली.

दुसऱ्यांच्या भांडणात पडूच नये, असं मी म्हणत नाही. जावं. पण फाटक उघडायला जावं. आतून वस्तू निवडायला सैन्य कशाला? त्याला गल्लीतला कबाडीवाला पुरतो.

आज आईने त्याच स्टुलाचा चौरंग करून गणपती बसवलाय. तू गोष्ट सांगत होतास तेव्हा ती आत पुऱ्या तळत होती. ‘माझ्या हेरंबने परदेशातून आणलाय,’ असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मलाही विचारलं, ‘शोभतो ना गं?’

मी ‘हो’ म्हणाले आणि आरतीची घंटा उचलली. काय करणार, मलाही वरून ऑर्डर नव्हती.

तुझीच बहीण,
नीरजा