चाळीस डबे अनारसे, ब्लॉकचेनवर

५ ऑक्टोबर
ठरलं. दीड वर्ष परदेशात, या नीउ-व्हेनेप गावात बायकोच्या व्हिसावर बसून काढलं, पुरे. आता स्टार्टअप. फराळाची सप्लाय चेन ब्लॉकचेनवर. पहिलं गिऱ्हाईक रायस्वाइक गावच्या पूर्णिमाताई. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला चाळीस डबे अनारसे करताहेत. ऑर्डर गाजली तर ऑफिस सोडून फराळाचाच धंदा करणार म्हणाल्या. डब्यावरचा कोड स्कॅन केला की तांदूळ भिजवण्यापासून सगळं दिसेल. केलेली नोंद ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. वेळसुद्धा सिस्टीमच टाकते. लबाडीला जागाच नाही.

६ ऑक्टोबर
ताईंनी तांदूळ भिजवले. तीन दिवस रोज पाणी बदलणार, मी समोर उभं राहून नोंद करणार. त्या म्हणाल्या, मीच करते की नोंद. नाही म्हटलं. फक्त माझ्या फोनवरून. सिक्युरिटी.

७ ऑक्टोबर, सकाळी ९
वारा फार. स्टेशनपर्यंत सायकल जाईना. उद्या नक्की.

८ ऑक्टोबर
लोगोचा रंग ठरत नाही. पाणी बदलल्याचा ताईंचा मेसेज. त्या कशाला खोटं बोलतील?

१० ऑक्टोबर
पीठ गुळात मुरायला ठेवल्याचा मेसेज. अंगठा पाठवला. नोंदी झाल्या का, असं बायकोने, विशाखाने विचारलं. प्रोसेसमध्ये आहेत म्हटलं. नोकरी करणाऱ्यांना स्टार्टअप कळत नाही.

१७ ऑक्टोबर, सकाळी ११:५०
ताईंनी तळून डबे भरले. उद्या कार्यक्रम. बसल्या बैठकीला सगळ्या नोंदी टाकल्या. कॉलेजात जर्नल असंच आदल्या दिवशी पूर्ण करायचो, फर्स्ट क्लास मिळाला. चार मिनिटं लागली. उगाच ताण घेतला होता.

१८ ऑक्टोबर
मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव यांनी स्कॅन करून माइकवर वाचलं. तांदूळ भिजवले काल, ११:४२. पाणी बदललं ११:४३. तळून तयार ११:४६. सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, दुकानातले आणून भरलेत. नोंदी पुसून पाहिल्या. पुसत नाहीत. कोडिंग मात्र चोख केलंय मी.

२० ऑक्टोबर
ताईंच्या पुढच्या सगळ्या ऑर्डरी रद्द. त्या ऑफिसातच राहणार. मी नवी नोंद टाकली, अनारसे घरचेच होते. लोकांनी विचारलं, पाहिलंस का? नव्हतं पाहिलं. फार लाज वाटतेय.

२७ ऑक्टोबर, सकाळी ८, रायस्वाइक
विशाखाने ताईंना ऑर्डर दिली, एकच डबा. आणि मला इथे धाडलं. तांदळाचं पाणी मी बदललं. ताईंच्या वहीत पेनाने वेळ लिहिली. ताईंनी भांड्यात बोट घालून पाहिलं, घड्याळ पाहिलं, मगच खाली सही केली.